झाडं उभ्या उभ्या का मरतायत, हे शोधताना या शास्त्रज्ञानं थेट आपल्या वडिलांचाच सिद्धांत मोडीत काढला

जर्मनीतलं एक जंगल डोळ्यांसमोर आणा. आपल्या सह्याद्रीत असतं तसं नाही, जिथं आंब्याशेजारी हिरडा, हिरड्याशेजारी ऐन आणि मध्येच करवंदाची जाळी. हे जंगल म्हणजे सरळ सरळ शेती. एकाच जातीची, एकाच वयाची स्प्रूसची झाडं, रांगेत लावलेली. ऊस लावावा तशी. फरक इतकाच की ऊस वर्षा-दीड वर्षात तोडतात, आणि हे पीक तोडायला ऐंशी-शंभर वर्षं थांबावं लागतं. म्हणजे आजोबानं लावायचं आणि नातवानं कापायचं.

आता अशा रानात एक झाड वाळतं. कुणी फार लक्ष देत नाही. दोन-चार वर्षांनी त्याच्या शेजारची झाडं वाळतात. मग त्यांच्या शेजारची. रानाच्या मधोमध एक गोल टक्कल पडतं आणि ते दरवर्षी थोडं थोडं वाढत जातं. काही झाडं तर वरून हिरवीगार दिसतात, पण जरा जोराचा वारा आला की आडवी होतात. मुळं बघावीत तर कुजून गेलेली. आणि जी झाडं कापणीपर्यंत टिकतात त्यातली कित्येक कापल्यावर आतून पोकळ निघतात. शंभर वर्षं वाट बघून हाती काय, तर जळण.

एकोणिसाव्या शतकात वनअधिकाऱ्यांना हे रोजचंच झालं होतं. कारण विचारलं तर उत्तरं तयार होती. जमीन वाईट आहे. मुळाशी पाणी साचतं. मुळांना हवा मिळत नाही. झाड म्हातारं झालं. कुजलेल्या लाकडात बुरशी दिसायची, नाही असं नाही. पण ती कुजल्यामुळं आली, असं सगळे धरून चालत. प्रेतावर गिधाडं बसतात म्हणून गिधाडांनी खून केला असं कुणी म्हणत नाही, तसंच.

या प्रकरणात गिधाडंच खुनी आहेत हे ज्यानं सिद्ध केलं, त्याचं नाव रॉबर्ट हार्टिग. झाडांच्या रोगांचं शास्त्र, म्हणजे वनरोगशास्त्र, त्याच्यापासून सुरू झालं असं मानतात.

घराणंच जंगलाचं

रॉबर्टचा जन्म ३० मे १८३९ चा, ब्राऊनश्वाइग गावचा. घरात जंगल सोडून दुसरा विषय नव्हता.

आजोबा गेओर्ग लुडविग हार्टिग. जर्मनीत शास्त्रीय वनशेती ज्यांनी उभी केली त्या दोन-तीन माणसांत त्यांचं नाव घेतात. त्या काळी लाकूड म्हणजे सगळं काही होतं. घर लाकडाचं, जहाज लाकडाचं, खाणीतले टेकू लाकडाचे, भट्टीचं इंधनही लाकूड. जंगलं ओरबाडून झाली होती आणि लाकडाचा तुटवडा पडेल ही धास्ती राज्यकर्त्यांच्या डोक्यात बसली होती. अशा वेळी जंगलात लाकूड किती आहे, दरवर्षी वाढतं किती आणि म्हणून तोडायचं किती, याचा हिशेब आजोबांनी मांडून दाखवला. १८११ मध्ये ते बर्लिनला प्रशियाच्या वनखात्याचे प्रमुख झाले.

हा हिशेब चालायचा तर जंगल मोजता येईल असं हवं. लवकर वाढणारी, सरळसोट झाडं हवीत. मग स्प्रूस आणि पाईन जिकडंतिकडं लावले गेले. उजाड माळावर, पडीक शेतातसुद्धा. हे काही एकट्या आजोबांचं काम नव्हतं, अख्ख्या पिढीनं ते केलं. पण एकाच जातीची झाडं खेटून लावली की जमिनीखाली त्यांची मुळं एकमेकांत गुंततात. त्याचा हिशेब कुणीच मांडला नव्हता. ती किंमत पुढं नातवाला मोजायला मिळाली.

वडील थेओडोर हार्टिग हेही वनशास्त्राचेच प्राध्यापक आणि माणूस जबरदस्त नजरेचा. पानात तयार झालेलं अन्न झाडात ज्या नळ्यांतून फिरतं त्या चाळणी-नलिका त्यांनीच पहिल्यांदा पाहिल्या, १८३७ साली. पाईनच्या बारीक मुळांमध्ये पेशींच्या भोवती विणलेलं एक जाळंही त्यांना दिसलं होतं. आजही त्याला हार्टिग जाळं म्हणतात. ते जाळं बुरशीचं आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आणि इथंच मेख होती. १८३३ साली त्यांनी कुजलेलं लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं होतं आणि त्यात बारीक धागे पाहिले होते. धागे दिसले ते खरंच होते. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की हे धागे बाहेरून आलेले नाहीत, लाकडाच्या पेशीच बदलून धागे बनतात. झाड मरताना त्याचंच शरीर बुरशीचं रूप घेतं. त्या धाग्यांना त्यांनी रात्रीची बुरशी अशा अर्थाचं नावही देऊन टाकलं.

आज हे वाचून हसू येईल, पण तेव्हा ते अजिबात विचित्र नव्हतं. सडक्या मांसात किडे आपोआप होतात, नासलेल्या रश्शात जंतू आपोआप होतात, असं मानणारे शास्त्रज्ञ तेव्हा ढिगानं होते. पाश्चरनं त्यावर शेवटचा घाव घातला तो १८६० च्या आसपास.

हवा बदलत होती

रॉबर्ट मोठा झाला तो नेमका याच काळात. रानातलं प्रत्यक्ष काम शिकला, ब्राऊनश्वाइग आणि बर्लिनला शिक्षण घेतलं आणि १८६७ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डच्या वनविद्यालयात शिकवायला लागला. तिथं त्याच्या आधी रात्झेबुर्ग होते. जंगलातल्या किडींचा त्यांच्याइतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणजे झाड मेलं की कीड शोधायची, ही तिथली रीत. रॉबर्ट बुरशीच्या मागं लागला.

त्याच्या आधी रस्ता थोडा मोकळा झाला होता. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८६१ मध्ये दाखवून दिलं होतं की आयर्लंडमध्ये ज्या रोगामुळं लाखो माणसं उपासमारीनं मेली तो बटाट्याचा करपा एका बुरशीसारख्या जीवामुळं होतो. १८६६ मध्ये मोरित्झ विलकोम यांनी जंगलाच्या सूक्ष्म शत्रूंवर पुस्तक लिहून झाडं कुजण्यामागं बुरशी असावी असं मांडलं. पण कोणती बुरशी, ती येते कुठून, शिरते कशी, यात त्यांची बरीच गल्लत झाली होती.

बटाटा आणि झाड यातही मोठा फरक आहे. बटाट्याच्या पानावर रोग सोडला की चार दिवसांत निकाल हातात. झाड मरायला दहा-वीस वर्षं घेतं. तोवर त्यात दहा प्रकारच्या बुरश्या येऊन बसलेल्या असतात. पहिली कोणती आणि नंतर फुकट जेवायला आलेल्या कोणत्या, हे ओळखायचं कसं? हाच खरा पेच होता.

तपास कसा झाला

रॉबर्टनं मेलेली झाडं सोडून दिली आणि मरू घातलेल्या झाडांकडं वळला. टक्कल पडलेल्या जागेच्या कडेला जी झाडं वरून ठणठणीत दिसत होती, त्यांची मुळं उकरली. तिथं रोग नुकताच पोचलेला होता आणि गर्दी झालेली नव्हती.

मुळाच्या सालीच्या खवल्यांखाली त्याला पांढरा पापुद्रा मिळाला. टिश्यू पेपरहूनही पातळ. त्याचे धागे सालीतून लाकडात शिरलेले होते, आणि तेही जिवंत लाकडात. म्हणजे आधी धागे, मग कूज. शिवाय शेजारच्या दोन झाडांची मुळं जिथं एकमेकांना चिकटलेली होती, तिथून बुरशी एका मुळावरून दुसऱ्यावर गेलेली दिसत होती. रानातलं ते गोल टक्कल का वाढतं याचं उत्तर मिळालं. रोग हातात हात घातलेल्या मुळांवरून चालत होता.

पण धाग्यांवरून बुरशीची जात कळत नाही. सगळे धागे सारखेच. जात ओळखायची तर तिचं फळ हवं, म्हणजे ती छत्री किंवा टोपी जिच्यातून बीजाणू सुटतात. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक बुरशी उगवते, तिला फणसोंबा म्हणतात आणि गावठी औषधात वापरतात. साधारण त्याच वळणाची, पण लहान आणि वेडीवाकडी फळं रॉबर्टला स्प्रूसच्या बुडाशी, पालापाचोळ्याखाली आणि मुळांवर सापडली. वरून तपकिरी, खालून पांढरी, असंख्य बारीक छिद्रांची. ती लपलेली असल्यामुळं वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

फळापासून धागा आणि धाग्यापासून कुजलेलं लाकूड, अशी साखळी त्यानं जोडली. निरोगी झाडांना रोग लावून तो खरंच लागतो का, हेही पाहिलं. रोगजंतू सिद्ध करायची जी रीत आपण रॉबर्ट कॉखच्या नावानं ओळखतो, तिचा कॉखचा पहिला मोठा निबंध १८७६ चा. हार्टिगचं जंगलातल्या झाडांच्या महत्त्वाच्या रोगांवरचं पुस्तक आलं १८७४ मध्ये. बुरशीला त्यानं नाव दिलं ट्रॅमेटिस रॅडिसिपेर्डा. लॅटिनमध्ये रॅडिसिपेर्डा म्हणजे मुळांचा नाश करणारी.

उपायही सांगितला. रोगट पट्ट्याभोवती चर खणा, म्हणजे मुळांचा संपर्क तुटेल. चर बाहेरच्या बाजूला, निरोगी दिसणारी एक-दोन झाडं आत घेऊन खणायचा, कारण वरून निरोगी दिसणारं मुळातून गेलेलं असू शकतं.

जेवणाच्या ताटातला खुनी

त्याच पुस्तकात दुसरं एक कोडं सुटलं, आणि किस्सा म्हणून ते जास्त भारी आहे.

मेलेल्या झाडांच्या सालीखाली काळ्या, चपट्या, बुटाच्या नाडीसारख्या दोऱ्यांचं जाळं सापडायचं. जमिनीतही असल्या दोऱ्या असायच्या, खाणीतल्या लाकडी टेकूंवरही. शास्त्रज्ञांनी या दोऱ्यांना वेगळीच बुरशी समजून रायझोमॉर्फा असं नाव देऊन ठेवलं होतं. या बुरशीला फळ का येत नाही, हे कुणाला कळत नव्हतं.

रॉबर्टनं दाखवलं की फळ येतं, आणि ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पावसाळा सरल्यावर जर्मन माणूस टोपली घेऊन रानात जातो आणि मधाच्या रंगाच्या अळिंब्या आणून चवीनं खातो, तीच ही. त्या काळ्या दोऱ्या म्हणजे या अळिंबीचे जमिनीतून पसरणारे हात. एका झाडाकडून दुसऱ्याकडं ती या दोऱ्यांनी जाते, त्यासाठी मुळं चिकटलेली असायचीही गरज नाही. आज तिला आर्मिलारिया म्हणतात.

या बुरशीचे धागे ज्या लाकडात असतात ते अंधारात मंद चमकतं. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात रात्री चमकणारी लाकडं बघायला लोक जातात, तिथली बुरशी वेगळी, पण प्रकार तोच.

कुजण्यालाही सही असते

१८७८ मध्ये रॉबर्ट म्युनिकला प्राध्यापक म्हणून गेला आणि त्याच वर्षी त्याचं सगळ्यात मोठं काम छापून आलं. सूचिपर्णी झाडं आणि ओक यांचं लाकूड कुजताना नेमकं काय होतं, यावरचा रंगीत चित्रांचा ग्रंथ.

त्याचा मुद्दा सोपा होता. कूज एकच नसते. प्रत्येक बुरशी लाकूड आपापल्या पद्धतीनं खाते आणि मागं आपली खूण ठेवते. स्प्रूसच्या मुळावरची ती बुरशी आली की लाकूड आधी जांभळट होतं, मग पिवळट, मग त्यात बारीक काळे ठिपके आणि त्याभोवती पांढरी वर्तुळं दिसू लागतात. दुसरी बुरशी लाकडाचा चोथा करून तपकिरी चौकोनी तुकडे पाडते. तिसरी पांढऱ्या कापसासारखे तंतू शिल्लक ठेवते. काही बुरश्या लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य खातात, काही त्यातले तंतू खातात, हा रासायनिक फरकही त्यानं ओळखला. म्हणजे छत्री मिळाली नाही तरी नुसत्या कुजक्या तुकड्यावरून आरोपी सांगता येऊ लागला. बोटांच्या ठशांसारखंच, आणि पोलिसांच्या दप्तरात बोटांचे ठसे यायला तेव्हा अजून वेळ होता.

एकच बुरशी असती आणि लाकूडच धागे बनत असतं, तर स्प्रूसचं लाकूड दर वेळी एकसारखंच कुजलं असतं. ते तसं कुजत नव्हतं. १८३३ चा तो सिद्धांत इथं संपला. थेओडोर हार्टिग तेव्हा हयात होते, ते वारले १८८० मध्ये.

याच सुमारास बीचच्या कोवळ्या रोपांना मारणारा एक रोगही त्यानं शोधला. त्यामागचा जीव निघाला फायटोफ्थोरा कुळातला. हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर नवल नाही. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांमध्ये मूळकूज आणि डिंक्यानं जी झाडं जातात, त्यामागं याच कुळातले भाऊबंद आहेत.

हिंदुस्थानचा धागा

१८८२ मध्ये त्यानं झाडांच्या रोगांचं पाठ्यपुस्तक लिहिलं. मग १८८५ मध्ये घराच्या तुळया पोखरणाऱ्या बुरशीवर वेगळं पुस्तक. लाकडी घरांच्या देशात हा विषय किती जिव्हाळ्याचा असेल, हे कोकणात वाळवीशी लढणाऱ्याला सांगायला नको.

पाठ्यपुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १८९४ मध्ये आलं आणि त्याचं संपादन केलं हॅरी मार्शल वॉर्ड यांनी. हा माणूस आपल्या बाजूचा. सिलोनमधले कॉफीचे मळे तांबेऱ्यानं उद्ध्वस्त होत होते तेव्हा १८८० मध्ये तपासाला पाठवला होता तो हाच वॉर्ड. कॉफी गेली आणि सिलोन चहाकडं वळलं, तो हा रोग. पुढं इंग्लंडमधल्या कूपर्स हिल कॉलेजात वॉर्ड वनस्पतीशास्त्र शिकवत, आणि हिंदुस्थानच्या जंगलखात्यात येणारे इंग्रज अधिकारी तेव्हा तिथंच तयार होत. हार्टिगनं एबर्सवाल्डच्या रानात शिकलेलं असं फिरत फिरत या देशापर्यंत आलं.

चुकाही होत्या

गडी हुशार होता, पण सगळं बरोबरच निघालं असं नाही.

पहिली गोष्ट नावाची. ज्या बुरशीला त्यानं नवी समजून मुळांचा नाश करणारी असं नाव दिलं, तिचं बारसं आधीच झालं होतं. स्वीडनच्या एलिआस फ्रीसनं १८२१ मध्येच तिचं फळ पाहून अॅनोसस असं नाव ठेवलं होतं. ती झाडं मारते हे फ्रीसला माहीत नव्हतं, पण नावाच्या नियमात आधीचं नाव टिकतं. त्यात पुन्हा ऑस्कर ब्रेफेल्डनं तिला प्रयोगशाळेत वाढवून तिचं आणखी एक रूप शोधलं आणि कुळाचं नाव बदललं. आज ती हेटेरोबासिडियन अॅनोसम. हार्टिगचं दिलेलं नाव पुस्तकात उरलं.

दुसरी चूक जास्त बोचणारी. वडिलांना दिसलेलं ते मुळातलं जाळं बुरशीचं आहे आणि ती बुरशी झाडाला मदत करते, असं आल्बर्ट फ्रँकनं १८८५ मध्ये मांडलं. हार्टिगनं त्याला कडाडून विरोध केला. आयुष्यभर बुरशीला खुनी म्हणून पकडणाऱ्या माणसाला एखादी बुरशी झाडाला जेवू घालते हे पटणं अवघडच होतं. फ्रँक बरोबर होता.

तिसरी चूक पैशात मोजावी लागली. रोग शेजारच्या झाडाकडं मुळांवरून जातो हे त्याला कळलं, पण नव्या रानात पहिल्यांदा येतो कसा? हार्टिगला वाटलं, जमिनीत बिळं करणारे उंदीर अंगावर बीजाणू घेऊन मुळांपर्यंत पोचवतात. त्यामुळं सगळे मुळांकडं बघत राहिले.

खुंटाचं रहस्य

९ ऑक्टोबर १९०१ ला म्युनिकमध्ये रॉबर्ट हार्टिग वारला. त्याची जागा त्याचाच शिष्य कार्ल फॉन टुबॉइफ यानं घेतली.

उंदरांचा प्रश्न सुटायला पुढं जवळपास पन्नास वर्षं लागली. इंग्लंडमधल्या थेटफर्डच्या रानात, जुन्या माळावर आणि शेतात लावलेले पाईन मरत होते. केंब्रिजच्या जॉन रिशबेथनं तिथं दाखवलं की रोग शिरतो तो कुऱ्हाडीच्या मागोमाग. दाटी कमी करायला मधली झाडं तोडतात, ताजा खुंट उघडा राहतो, हवेतले बीजाणू त्यावर पडतात, तिथून बुरशी खुंटाच्या मुळात आणि मग चिकटलेल्या मुळांवरून जिवंत झाडांत उतरते. रान सुधारायला केलेली तोडच रानाला मारत होती. त्यावरचा उपायही रिशबेथनंच काढला. खुंट ताजा असतानाच त्यावर दुसरी एक निरुपद्रवी बुरशी लावायची, ती जागा धरते आणि खुन्याला बसायला जागा उरत नाही. उत्तर युरोपात आज झाडं तोडणाऱ्या यंत्रातूनच हे औषध खुंटावर फवारलं जातं. तरीही युरोपात या रोगानं दरवर्षी सुमारे ऐंशी कोटी युरोचं नुकसान होतं, असा अंदाज अनेक वर्षं सांगितला जातोय.

दरम्यान ही बुरशी एक नसून अनेक आहेत हेही कळलं. १९७८ मध्ये फिनलंडच्या कारी कोरहोनेननं दाखवलं की पाईनवरची आणि स्प्रूसवरची एकमेकींशी जमत नाहीत. पुढं त्यांच्या वेगळ्या जाती ठरल्या. हार्टिगनं ज्या स्प्रूसच्या रोगाचं वर्णन केलं, तो बहुतेक करून जी जात घडवते तिला वेगळं नाव मिळालं १९९८ मध्ये.

आणि २००४ च्या सुमारास रोमजवळच्या समुद्रकाठी, छत्रीसारख्या पाईनची झाडं मरत होती तिथं जी बुरशी सापडली ती युरोपातली नव्हतीच. ती अमेरिकेतली निघाली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये अमेरिकी फौजेनं याच रानात तळ टाकला होता. सामानासोबत आलेल्या लाकडी खोक्यांत ती लपून आली असावी, असं संशोधकांचं अनुमान आहे. झाडं तिथंही आधी एक, मग शेजारची, अशी गोलातच मरत होती.